सातवा बार

केदारखेड्याला मी इतकी खोल विहीर खणली, की दसऱ्याला टाकलेल्या दगडाचा आवाज दिवाळीत वर आला. हसनाबादची ही विहीर मात्र साठच फूट होती, आणि तिच्याबद्दल खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही.

दगडमाती वर ओढायची यारी माझी, सुरुंग लालमियाँचे. त्या दिवशी त्यानं खडकात सात बार भरले, वाती पेटवल्या आणि वर आला. आम्ही लांब बसून मोजत होतो. सहाच आवाज आले.

अर्ध्या तासानं लालमियाँ उठला. "दोन एकदम उडाले असतील, न्हाईतर वात विझली. चाळीस वर्षांत अर्ध्या तासानंतर एकबी बार उडाला न्हाई."

डबा घेऊन आलेली त्याची लेक कहकशा आडवी आली. बापलेकीची घरची उर्दू; मी आपल्या बोलीत सांगतो.

"अब्बा, आजवर न्हाई उडाला. आज उडणार न्हाई, हे कशावरून?"

"आजवरच्यावरून."

"आणि आजवरच्यावर भरवसा का ठेवायचा?"

"आजवर तो कामाला आला म्हणून!"

"म्हणजे ज्याच्यावर संशय, त्यालाच जामीन ठेवून राह्यलात."

लालमियाँ हसला. "बरं, उद्या सकाळी उतरलो तर चालंल?"

"चालंल."

"का? रात्रभर थांबलं की धोका टळतो, हे तरी कशावरून? तेबी आजवरच्यावरूनच ना, वकिलीणबाई?"

कहकशानं डबा खाली ठेवला. लालमियाँ यारीच्या बकेटात बसला. "रखमाजी, सोड खाली."

मी खटका ओढणार, तोच कहकशाही बकेटात चढली. "चला. बिलकुल उडणार न्हाई ना?"

"उतर, बेटा."

"का? तुमची चाळीस वर्षं माझ्यापुरती कमी पडली का?"

लालमियाँनं तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. शेवटी दोघंही बकेटातून बाहेर आले.

पारावर ही गोष्ट सांगताना मी इथंच सातवा बार उडवतो. लोकांना बरं वाटतं. खरं म्हणजे काहीच झालं नाही. सकाळी लालमियाँ एकटा उतरला. झऱ्याच्या पाण्यानं वात कधीच विझली होती. "बघ, मी बराबर होतो," तो वर येऊन म्हणाला. कहकशानं मान हलवली. होताच तो बरोबर.

तरी पुढं एक जरी आवाज कमी आला, की तो सकाळपर्यंत कुणालाच उतरू द्यायचा नाही. मी एकदा विचारलं, "तुझंच खरं निघालं, मंग आता का थांबतोस?"

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "यारी बंद कर."