श्रीलंकेच्या दशम्या

आधीच सांगते, माझ्या वडलांनी मला परवापर्यंत कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. सगळ्या सेलूला विचारा. विष्णुपंत सर म्हणजे पोरीला शब्दानं दुखवणार नाहीत, असं कुणीही सांगेल. मीसुद्धा तेच सांगत फिरायचे, येड्यासारखी.

बारावी झाल्यावर मी एक वर्ष थांबायचं ठरवलं. आमच्याकडं बारावीनंतर पोरगी थांबली म्हणजे ती डॉक्टरकीच्या परीक्षेला परत बसायली, एवढंच लोकांना माहीत. जो भेटेल तो विचारायचा, "ईश्वरी, लातूरला का नांदेडला?" मी म्हणायचे, "श्रीलंकेला." लोक हसायचे. पण खरंच श्रीलंकेला! पुण्याची एक संस्था आमच्या वयाच्या मुलामुलींचा गट तिकडं नेणार होती. चहाच्या मळ्यात काम करणाऱ्यांच्या लेकरांना गणित शिकवायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहायचं. दोन महिने. पगार नाही, सर्टिफिकेटचं कौतुक नाही. मला तेच लय आवडलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी कुठंतरी मार्कांसाठी जाणार नव्हते.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचायले होते. पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. पण सोबत कोण?"

सोबत! आमच्या गल्लीतली पोरगी नुसती परभणीला पेपर द्यायला निघाली तरी पहिला प्रश्न हाच. मग मी वैदेहीला ओढलं. वैदेही म्हणजे समोरच्या श्रीराम काकांची मुलगी. बालवाडीपासून आमचा डबा एक, भांडणं एक. तिच्या घरी सांगितलं, ईश्वरी चाललीय. माझ्या घरी सांगितलं, वैदेही चाललीय. दोन्ही बाप एकमेकांच्या भरवशावर तयार झाले. "दोघी असाल तर खुशाल जा," बाबा म्हणाले. मुंबईच्या विमानतळावर आई किंवा वडलांनी स्वतः येऊन पोरीला गटाच्या मॅडमच्या हवाली करायचं, असा संस्थेचा नियम होता. त्याला पण बाबाच तयार. म्हणाले, "मी नेतो दोघींना. काय अवघड आहे त्यात?"

मग गावानं डोक्यावर घेतलं. दत्तराव काका, आमच्याकडचे कापसाचे व्यापारी, हौशी माणूस. त्यांनी स्टेशनरोडच्या कोपऱ्यावर हा एवढा फ्लेक्स लावला. 'सेलूच्या कन्या निघाल्या श्रीलंकेला.' त्यात मी, वैदेही आणि आमच्या दोघींपेक्षा मोठे बाबा. वाचनालयात सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. आम्ही अजून गावची वेस ओलांडली नव्हती तरी आमचं कर्तृत्व सांगून झालं होतं. बाबा माईकवर बोलले, "मुलींना अडवू नका. बापानं दार उघडून बाजूला उभं राहायचं असतं." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

निघायला आठवडा राहिला आणि वैदेही दारात आली. आत नाही आली, उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी नाही येणार."

"काय झालं?"

"काही नाही. मन होईना."

"मन होईना? आता? तुझ्यावाचून मला कोण पाठवणार, माहितीये ना तुला?"

ती खाली बघत राहिली. मी लय बोलले तिला. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या तरी थांबले नाही. भित्री म्हटलं, जळकी म्हटलं. तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, परत माझ्या दारात येऊ नकोस, असं पण म्हटलं. तिनं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. मला वाटलं, चोराला तोंड नसतं म्हणून गप्प आहे.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. डोक्यावरनं हात फिरवला. "वैदेहीनं असं करायला नको होतं बेटा," म्हणाले. "मी तर तयारच होतो." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग मीच म्हणाले, गटात बाकीच्या पोरी आहेतच की, तुमी फक्त मला मुंबईला सोडा. बाबा म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'वर मी आठवडाभर तरले. बॅग भरली. लेकरांसाठी रंगीत खडू घेतले. तिकडं नमस्काराला 'आयुबोवन' म्हणतात, ते मी आईला रोज सकाळी म्हणायचे. आई नुसती मान हलवायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडायली होती. मी पाणी पिले, भांडं पालथं घातलं आणि तिथंच थबकले. घरात दशम्यांचा वास नव्हता.

आता हे आमच्या घराबाहेरच्यांना कसं कळणार! आमच्याकडं कुणी गावाला निघालं की आदल्या दिवशी दुधात कणीक मळून दशम्या होतात, म्हणजे होतातच. दुधातल्या म्हणून टिकतात. दाण्याची चटणी, दशम्या, स्वच्छ फडक्यात गाठ मारून ती शिदोरी देवापुढं ठेवायची. आणि एकदा गाठ बसली की ती शिदोरी घरात सोडायची नाही. प्रवास मोडतो म्हणतात. हे खूळ बाबांचंच. एकदा आम्ही मामाकडं निघालो होतो, बसच रद्द झाली. तर ह्या माणसानं आम्हाला भर उन्हात स्टँडवर बसवून दशम्या खायला लावल्या आणि मगच घरी आणलं. मी जिंतूरला स्पर्धेला गेले तरी आई शिदोरी बांधायची. उद्या दुपारच्या तपोवन एक्सप्रेसनं मी देशाबाहेर निघणार होते आणि ही बाई मेथी निवडायली होती.

"आई, दशम्या कधी करणार?"

तिचे हात थांबले. वर बघितलं नाही.

"आई, तुला माहीत आहे. मी जाणार नाही हे तुला माहीत आहे!"

"हळू बोल," ती म्हणाली.

"न्हाई बोलणार हळू! सांग."

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुझे बाबा श्रीराम भाऊजींकडं गेले होते. वैदेहीलाच समोर बसवून सांगितलं. म्हणाले, तू नाही म्हण, म्हणजे ईश्वरी आपोआप थांबेल. तिला माझ्या तोंडून 'नाही' ऐकावं लागणार नाही. ती पोर लय रडली. पण तुझ्या बाबांनी तिच्यापुढं हात जोडले, काय करेल बिचारी?"

मी तिथंच खाली बसले.

"आणि तू? तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती." आईनं डोळ्याला पदर लावला. "गप्प राहायला सांगितलं, राहिले. पण न होणाऱ्या प्रवासाची शिदोरी बांधायला माझा हात होईना बाई."

वा! एवढंच काय ते आईचं इमान. माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, फक्त कणीक मळली नाही.

मी उठले. परात घेतली. दूध ओतलं, पीठ घेतलं आणि मळायला लागले. आई "अगं" म्हणाली, मी बघितलंसुद्धा नाही. माझ्या दशम्या वाकड्या झाल्या, दोन करपल्या. तरी सगळ्या फडक्यात घातल्या आणि करकचून गाठ मारली. बाबा शाळेतून आले, हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसले. मी ती शिदोरी देवापुढं ठेवली नाही, त्यांच्यापुढं ठेवली.

"बांधलीय," मी म्हणाले. "तुमीच सांगता ना, गाठ बसल्यावर घरात सोडायची नसते. उद्या मला मुंबईला न्या. न्हाईतर सरळ तोंडानं सांगा, नाही म्हणून."

बाबांनी आईकडं बघितलं. आई दारातनं आत गेली. त्यांना कळलं, मला सगळं कळलंय. मी वाट बघत उभी राहिले. खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात होतं, हा माणूस आता उठेल, बेटा चुकलो म्हणेल आणि बॅग उचलेल. एकोणीस वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच्यावरचा विश्वास एका दुपारात कसा जाणार?

बाबांनी शिदोरी मांडीवर घेतली. गाठ घट्ट होती, नखानं सोडवली. फडकं उलगडलं. वरची दशमी घेतली, तुकडा मोडला आणि खाल्ला. आमच्याच घरात, झोपाळ्यावर बसून. सावकाश चावून खाल्ला.

"मीठ थोडं कमी पडलंय," म्हणाले.

"बाबा!" मी ओरडलेच. "तोंडानं का नाही सांगितलंत? पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू माझ्यावर रुसली असतीस."

"म्हणून मला वैदेहीवर रुसवलंत? मी काय काय बोलले तिला, माहितीये तुमाला? आणि वर मला म्हणता, तिनं असं करायला नको होतं?"

त्यांनी दुसरा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपोवनचा भोंगा ऐकू आला. आमचं घर स्टेशनपासून लांब नाही. मी बॅगेवर बसले होते. खडू अजून त्यातच आहेत. वैदेहीच्या दारात गेले होते नंतर. तिनं दार उघडलं. "मी तुला सांगणार होते," म्हणाली. मी म्हणाले, "मग सांगायचं होतंस." माफी मागायला गेले होते, ती पण मागता आली नाही. तिच्यावरचा राग जायला पाहिजे होता, तो पण पुरता जाईना. आमच्या दोघींत हे एवढं करून ठेवलं बाबांनी.

दोन महिने झाले. तेवढे दिवस मी गल्लीबाहेर पडले नव्हते. फ्लेक्स कुणी काढला नव्हता. परवा बाबांबरोबर बाजारात गेले होते. जायचं नव्हतं, आईनं पिशवी धरायला पाठवलं. भाजीच्या ढिगापाशी दत्तराव काका भेटले.

"अरे वा! आली का सेलूची कन्या?" लांबूनच ओरडले. "कसा झाला सर, पोरीचा दौरा?"

बाबांच्या हातात मेथीची जुडी होती. ती उलटी-पालटी करत ते म्हणाले, "छान झाला."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला! "मी गेलेच नाही काका," मी म्हणाले. "बाबांनी जाऊ दिलं नाही."

दत्तराव काका पोट धरून हसले. "सर अन् नाही म्हणतील? तुला? पोरगी लय मजाकी हाय सर तुमची!" भाजीवाली हसली. बाजूचे दोघं हसले. आणि बाबा पण हसले. त्यांच्याबरोबर, माझ्याकडं न बघता.

"बरं, ते असू द्या," काका म्हणाले. "आता हिचे अनुभव गावाला ऐकवू. वाचनालयात कार्यक्रम ठेवतो. काय सर?"

"बघू," बाबा म्हणाले.

"बघू कशाला? ठेवाच काका," मी म्हणाले. "लोक बोलवा. माईक पण लावा. काय काय झालं ते मला सगळं सांगायचंय, पहिल्यापासून."

"नाही," बाबा म्हणाले. भर बाजारात, मोठ्यानं.