दहा बोटांचं गाव

माघ सरत आला होता. पाचगणीच्या पठारावर ऊन नुसतं पसरलं होतं, तांबड्या जांभ्यावर, सुकल्या सोनसळी गवतावर, उतारावरच्या सिल्व्हर ओकच्या दाटीवर. वारा आला की पानं उलटायची आणि सारा उतार क्षणभर रुपेरी व्हायचा. वारा गेला की पुन्हा हिरवा. रुपेरी, हिरवा. रुपेरी, हिरवा. त्या उताराच्या पहिल्या वळणावर वाघचौऱ्यांचं कौलारू घर होतं, आणि त्या घरातून सकाळपासून पियानो ऐकू येत होता.

पियानोवर सुवार्ता होती. सावळी, सडसडीत, ताठ मानेची. आठवडाभर शाळेत मुलांना पियानो शिकवायची, रविवारी चर्चमध्ये उपासनेला वाजवायची. पट्ट्यांवर हात ठेवले की तिला कुणाचं भय वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर हात खिशात असले तरी वाटत नसे. आज ती वाजवत होती ते मात्र भक्तिगीत नव्हतं आणि शाळेतला धडाही नव्हता. ते होतं एका जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत.

त्या गेमचं खरं नाव तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, शलमोनला, लहानपणी कधी कळलंच नाही. कॅसेट घरी आली तीच कागद फाटलेली. गेममध्ये निळ्या कौलांचं एक गाव होतं, गावाच्या टोकाला एक लाकडी पूल होता, म्हणून तो झाला पुलाचा गेम. गावात असेपर्यंत एक सुरावट वाजत राही. वर बासरीसारखा चंचल स्वर, त्याच्या सावलीत त्याचा सोबती, तळाशी धीरगंभीर खर्ज आणि मागे फुसफुसणारा ठेका. आवर्तन संपे न संपे तोच पुन्हा पहिल्यापासून. पुलावर पाऊल पडलं की मात्र ती मध्येच तुटायची.

गेमचा रिमोट नेहमी शलमोनच्या हातात. त्याला पुलापलीकडची ओढ होती, धुकट डोंगरांची, अंधाऱ्या गुहांची, आग ओकणाऱ्या राक्षसांची. सुवार्ताला ओढ होती ती गावाची. थांब रे, गाणं पूर्ण होऊ दे, ती म्हणायची. तो हसायचा, "ताई, हे कधी पूर्ण होतच नाही." आणि पळायचा पुलावर.

आता तो खरंच पूल ओलांडणार होता. नर्सिंग शिकलेला शलमोन आयर्लंडच्या इस्पितळात निघाला होता, आजच, दिवस मावळायच्या आत. त्याने घरात ही बातमी सांगितली, तेव्हा सुवार्ता जे कधी बोलू नये ते बोलून गेली होती.

आपल्याकडे निघणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही. दूध घालून निघालेल्या गवळ्यालाही माणूस ये म्हणतो. आणि ही, सख्खी बहीण, पाठच्या भावाला म्हणाली होती, "जा. जा एकदाचा." तेव्हापासून दोघांत बोलणं व्हायचं ते जेवणाचं, बॅगेच्या वजनाचं, स्वेटर घेतला का याचं. तो एक शब्द घरात तसाच बसून होता. शलमोन तो सोबत घेऊन समुद्रापार जाईल या विचाराने तिचा जीव तुटत होता. तोंडाने तो मागे घेणं तिला काही केल्या जमेना, तिची मान ताठ होती ना. पण पियानोवर जमेल, याबद्दल मात्र तिला तिळमात्र शंका नव्हती.

दहा बोटं. फक्त दहा. आणि त्यांत अख्खं गाव वसवायचं.

बासरी तिने उजव्या करंगळीला दिली, कारण करंगळी हट्टी असते, वरचा सूर सोडत नाही. सोबती सूर अंगठ्याकडे आला. खर्ज डाव्या हाताने उचलला. राहिला ठेका, पण पियानोला फुसफुसता येत नाही. दोन दिवस ती त्याच्यामागे लागली आणि मग तिने तो सोडूनच दिला. नुसते खर्जाचे सूर आखूड केले, दोन सुरांमध्ये श्वासाएवढी जागा ठेवली, आणि त्या मोकळ्या जागेत ठेका आपला आपण ऐकू येऊ लागला. सूर सोडण्यात सुवार्ता पटाईत होती. माणसं सोडण्यात नव्हती.

ही सगळी सुरावट तिने आठवणीतून उतरवली होती. ती पुरी बसल्यावर, निळ्या कौलांचं चित्र शोधता शोधता, तिला फोनवर मूळ गाणं सापडलं आणि ती चपापली. बासरी जिथे वरून पायरी पायरीने उतरते, तिथे मधल्या पायरीवर ती थबकते, एक श्वास, आणि मग पुढे जाते. निदान सुवार्ताच्या मनात तरी ती इतकी वर्षं थबकत आली होती. मुळात थबकणं नव्हतंच. बासरी सरळ, झुळझुळ उतरत होती.

मग तिला आठवलं. ते थबकणं त्यांच्या कॅसेटचं होतं. तिथे आली की कॅसेट अडकायची. पडद्यावरचं गाव थिजायचं, सूर एका जागी घुमत राहायचा, आणि शलमोन गेमच्या यंत्रापाशी वाकून कॅसेटवर फू करून फुंकर घालायचा. गाव पुन्हा हलायचं. फुंकरीने हलायचं की आपसूक, देव जाणे. पण त्या घरात त्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

सुवार्ताने ती चूक खोडली. सुरावट शुद्ध झाली, निर्मळ झाली, आणि शेजाऱ्यांच्या घरातली वाटू लागली. तिने ती चूक पुन्हा होती तिथे लिहिली. चूक तर चूक, पण आमच्या घरची आहे, असं ती रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणाली.

दुपार कलली. निरोपाच्या प्रार्थनेला चर्चमधली माणसं जमली, चपलांनी ओटा भरला. सुवार्ता काय वाजवणार हे कळल्यावर पप्पांनी चष्मा काढून पुसला. गेमचं गाणं, आणि तेही निरोपाला? एखादं भक्तिगीत वाजव, ते हळूच म्हणाले.

"भक्तिगीत तुम्ही सगळे म्हणा, पप्पा," सुवार्ता म्हणाली. "हे मला एकटीला म्हणायचंय."

भक्तिगीत झालं, प्रार्थना झाली. गाडी दाराशी लागली. शलमोन खिडकीशी पाठमोरा उभा होता, बाहेरची रुपेरी-हिरवी झाडं बघत. आणि सुवार्ताने गाव उघडलं.

निळी कौलं उघडली. करंगळीने बासरी धरली, अंगठ्याने तिची सावली. खर्ज पावलं टाकत आला, आणि पावलांच्या मधल्या जागेत तो नसलेला ठेका वाजू लागला. खिडकीतली पाठ हलली. सुवार्ताने पाहिलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. बासरी वर चढली, वळली, पायरी पायरीने उतरू लागली. मधली पायरी आली.

ती थबकली.

एक श्वास गेला. दुसरा गेला. दोन्ही हात पट्ट्यांवर तसेच, पायाखाली सूर धरून ठेवणारं पेडल, आणि एकच सूर घुमत राहिलेला. माणसांना वाटलं, पोरगी विसरली. पप्पा खुर्चीत पुढे सरकले. सुवार्ताचं बोट हललं नाही. आठवत असेल तर येईल. आला नाही, तर तो शब्द त्याच्याबरोबर जाईल.

खिडकीपासून पावलं आली. शलमोन पियानोपाशी वाकला, पार पट्ट्यांपर्यंत, लहानपणी वाकायचा तसा, आणि त्याने फुंकर घातली. फू.

गाव हललं. बासरी उतरली, झुळझुळ उतरली, आणि सुवार्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना दहाची दहा बोटं आपापल्या जागी चोख पडत राहिली.

शेवट तिने आधीच ठरवला होता. घरच्या सुरावर येऊन थांबलं की दार लावल्यासारखं वाटे, आणि तिला दार लावायचं नव्हतं. म्हणून ती आली फक्त त्या वळणाच्या सुरापर्यंत, जिथून आवर्तन पुन्हा पहिल्याकडे निघतं. तिथे तिने हात उचलले. पाय पेडलवरच ठेवला. सूर अधांतरी राहिला, वळलेला, परतीकडे तोंड केलेला.

सगळे वाट बघत होते. पप्पांनी हळूच विचारलं, संपलं का?

"हे कधी पूर्ण होतच नाही, पप्पा," शलमोन म्हणाला. त्याने बॅग उचलली, आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"येतो, ताई."

सूर विरत चालला होता, पण अजून होता.

"ये," सुवार्ता म्हणाली.

गाडी वळण उतरून गेली. तिने पाय उचलला नाही. बाहेर वारा आला आणि उतार रुपेरी झाला, वारा गेला आणि हिरवा झाला. रुपेरी, हिरवा. आणि पुन्हा, पहिल्यापासून, रुपेरी.