खोडरबराचा चुरा

"पुन्हा खरडलंय मेल्यानं!" नारायणरावांनी पुस्तक टेबलावर आपटलं आणि खणातून खोडरबर काढलं.

नेवासे तालुक्यातल्या त्या गावात ग्रंथपाल म्हणून येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत त्यांनी गावाला एकच गोष्ट हात न आखडता दिली, ती म्हणजे तुच्छता. नगरसारख्या शहरात वाढलेल्या माणसानं इथं येऊन काय करायचं? गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!

आणि वाचायला मागतात काय, तर हे. विलायती कादंबरीचं मराठी रूपांतर. परग्रहावरून कुणी यंत्रं घेऊन उतरतं आणि गावंच्या गावं उठवतं. पोरखेळ नुसता! पण पोरखेळ झाला तरी वाचनालयाचा होता, आणि त्याच्या समासात महिनाभर कुणीतरी पेन्सिलीनं लिहीत होतं. खोडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी.

"यंत्रं आदी येत न्हाईत. आदी साखळी घिऊन जमीन मोजनारी येत्यात. च्या पित्यात, ग्वाड बोलत्यात."

नारायणरावांनी ते खोडलं. लोक घरदार टाकून पळतात त्या पानावर होतं, "जातं कुनी न्हेत न्हाई, लई जड. लिवनाऱ्यानं कदी घर सोडल्यालं दिसत न्हाई." तेही खोडलं. खाली आणखी एक ओळ होती, "निगताना उंबऱ्याची माती गाठीला बांदली हुती. हितं कुनीच काय बांदत न्हाई."

"शुद्धलेखनाच्या नावानं आनंद," असं पुटपुटत त्यांनी कागद झिजेपर्यंत रबर घासलं आणि चुरा फुंकरीनं खाली उडवला.

गुन्हेगार त्यांनी मनाशी ठरवलेलाच होता. पंप दुरुस्त करणारा मच्छिंद्र रोज संध्याकाळी येऊन तेच पुस्तक घेऊन बसे. त्या दिवशी तो दारात दिसताच, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या चारचौघांसमोर नारायणराव कडाडले, "तुझं सभासदत्व रद्द! पुस्तकात खरडतोस?"

"म्या न्हाई, भाऊसाहेब. वीसच पानं ऱ्हायलीत. मानसं जगत्यात का मरत्यात, तेवडं तरी वाचू द्या."

"पाना धर आणि नट आवळ. तेवढंच तुझं शिक्षण."

मच्छिंद्रची मान खाली गेली. तेवढ्यात कोपऱ्यात झाडणारी राहीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्यानं न्हाई. म्या लिवलंय."

नारायणराव पोट धरून हसले. "तू? अंगठेबहाद्दर! सहीच्या जागी अंगठा उठवतेस ना गं?"

"तुमी शाईचा डबा म्होरं सारता म्हून उठवते. देवळातल्या वर्गात दोन वर्सं शिकले म्या. तुमी कदी इचारलंच न्हाई."

"लिहून दाखव मग!"

तिनं पेन्सिल ओली करून कागदावर सावकाश एक नाव लिहिलं. वर्तमानपत्रामागून एक म्हातारा डोकावला आणि हळूच म्हणाला, "ह्ये गाव धरनात गेलं की."

"माजं गाव," राहीबाई म्हणाली.

नारायणरावांचा चेहरा उतरला. पण माघार घ्यायची सवयच नव्हती. "पुस्तक खराब करणाऱ्याला इथं काम नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"खराब न्हाई क्येलं. चुकल्यालं हुतं, नीट क्येलं." कीव करावी तशी तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग टेबलावरचं पुस्तक उचलून मच्छिंद्रच्या हातात दिलं. "वाच रं बाबा तू."

अडवायला कुणी उठलं नाही. नारायणरावही उठले नाहीत.

राहीबाईनं केरसुणी घेतली आणि टेबलाशी येऊन वाकली. "पाय उचला."

नारायणरावांनी निमूटपणे दोन्ही पाय उचलले. टेबलाखाली रबराचा काळपट चुरा पडला होता. महिनाभर रोज सकाळी तोच चुरा ती सुपलीत भरून उकिरड्यावर टाकत आली होती. कशाचा चुरा आहे ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि पुन्हा लिहायला ती त्यानंतरच बसायची.

आज तिनं तो उकिरड्यावर नेला नाही. चिमटीनं गोळा करून पदराच्या टोकात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

"ह्ये माजं हाय," ती म्हणाली, आणि केरसुणी भिंतीला टेकवून पायऱ्या उतरून गेली.

मच्छिंद्रनं पान उलटलं. नारायणरावांचे पाय अजून अधांतरीच होते.