आठ गाण्यांचा एक आवाज

उस्मानपुऱ्याच्या बुद्धविहारात सत्यभामाबाई गायल्या की ऐकणाऱ्या बाया घरी जाताना तेच गुणगुणत जायच्या. गाणी त्यांनी स्वतःच रचलेली, कुठं लिहून ठेवलेली नव्हती. म्हणून त्यांच्या लेकीनं, विशाखानं, आठ गाणी मोबाइलवर भरून घेतली. दोन स्वयंपाकघरात, तीन गच्चीवर, बाकीची जमेल तिथं. आणि ती वेरूळला राजेंद्रमामाला धाडली.

मामाचं तिथं उसाच्या रसाचं दुकान. त्यानं कौतुकानं गाणी स्पीकरवर लावली. पहिलं ऐकूच येईना म्हणून आवाज वाढवला, तर दुसरं असं दणाणलं की गिऱ्हाइकाच्या हातातला रस त्याच्याच शर्टावर सांडला. मामाचा फोन आला. ताई गाते झकास, पण मी रस काढू का बटण पिळत बसू, असं त्याचं म्हणणं.

विशाखा शेंद्र्याच्या कारखान्यात तयार मालाची मापं तपासायची. आठ गाणी एका मापात आणणं तिला हातचा मळ वाटला. स्टुडिओ परवडणारा नव्हता, म्हणून जुन्या लॅपटॉपवर तिनं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि प्रत्येक गाण्यात आवाज सगळ्यात वर जातो ते टोक एका रेषेत आणलं. पडद्यावर सगळं शिस्तीत दिसलं. ऐकलं तर जैसे थे.

शेवटी ती वरच्या मजल्यावर कहकशाआपाकडे गेली. आपा शाळेतल्या मुलांसाठी घरीच गोष्टी रेकॉर्ड करायची, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गादी उभी लावून. तिनं हेडफोन घातला, थोडं ऐकलं आणि हसली.

"हे टोक गळ्याचं नाय गं, बांगड्यांचं हाय. तुझी अम्मी टाळी देती ना, तवा वाजतात. तू बांगड्या मोजल्या, गाणं ऱ्हायलंच."

रविवारी दोघी बसल्या. आधी तो खणखणाट दाबला. मग टोकं सोडून अख्खं गाणं सरासरी किती मोठं वाजतं ते पाहिलं. सगळ्यात हळू गाणं वर ओढलं, तर मागचा पंखाही गायला लागला. तेव्हा ते तसंच ठेवून बाकीची सात खाली आणली. ज्याला मोठ्यानं हवं तो बटण फिरवील, असं आपा म्हणाली. मग तिनं आकडे झाकले आणि नुसतं ऐकायला लावलं, हेडफोनवर, मोबाइलवर, कुकरच्या शिट्टीशेजारी. गच्चीवरची गाणी आकड्यात बरोबर होती, पण कानाला किडकिडीत लागत होती. विशाखानं ती जराशी उचलली. मापावर नोकरी करणाऱ्या बाईला ते जड गेलं.

संध्याकाळी सत्यभामाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. आठही गाणी ओळीनं वाजली, मधे कुणाला बटणाला हात लावावा लागला नाही. शेवटचं संपलं तशी त्यांनी मान वर केली.

"पाचव्या गाण्यात दुसरं कडवं चुकलंय माझं," त्या म्हणाल्या.

एवढं कोण ऐकतंय, असं विशाखानं म्हणून पाहिलं.

"आता समदं सारखं ऐकू येतंय नव्हं? मग चूकबी येणारच." त्यांनी मेथी बाजूला सारली. "लाव तुझा फोन. आन् अजून एक हाय, तुझ्या जन्माच्या येळचं. कुणापुढं म्हटलं नाय कधी."

त्या संध्याकाळी पाचवं गाणं तीनदा झालं. नववं एकदाच. आईनं ते पुन्हा म्हणायला साफ नकार दिला, आणि विशाखानंही आग्रह केला नाही.