खुर्च्या भरल्या पाहिजेत

"हलू नको गं, पिन टोचंल," म्हणत मंगलने इंद्रायणीच्या खांद्यावरचा पदर बसवला. घाटघरच्या शाळेपुढे मंडप घातला होता, संस्थेचे साहेब येऊन बसले होते आणि किशोरी मेळाव्याचं पहिलं भाषण इंद्रायणीचं होतं.

"ताई, मधीच इसरले तर?"

"तू? झोपेतनं उठवलं तरी म्हणशील. जा!"

मंगल संस्थेची कार्यकर्ती. ओतूरहून एसटीने यायचं, वाड्यावस्त्या तुडवायच्या, मुलींचं रक्त तपासायचं, लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या आणि वर आईबापांची बोलणी खायची. वर्षानुवर्षं हेच. तिला स्वतःला नववीतून उठवून बोहल्यावर उभं केलं होतं. म्हणून बारावी झालेली इंद्रायणी मंचरला नर्सिंगला जायचं म्हणाली, तेव्हा मंगलला कोण आनंद झाला! अडत होतं ते बापापाशी. भागू हो म्हणेना. चारचौघांत पोरगी बोलली, साहेबांनी पाठ थोपटली, की त्याला नाही म्हणायला तोंड राहणार नाही, असं मंगलने मनाशी धरलं होतं.

त्यात ऑफिसला गर्दी हवी होती. मंगलने घरोघर सांगितलं होतं, "पावणेरावळे आणा, कुणालाबी आणा, पण खुर्च्या भरल्या पाहिजेत." आणि कधी बैठकीला न फिरकणारा भागू आज अवसरीहून पाहुणे घेऊन आला. पहिल्याच रांगेत बसला. मंगलला वाटलं, विरघळला एकदाचा.

इंद्रायणीने माईक धरला. "आमाला वझं म्हणू नका. अठराच्या आत आमचं लगीन लावू नका. आमाला शिकू द्या, आमच्या पायावर हुभं ऱ्हाऊ द्या." आवाज जराही कापला नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त वाजवल्या त्या पाहुण्यांतल्या एका ठसठशीत बाईने.

सत्कार आटोपले तसा भागू हात जोडत आला. "ताई, लई उपकार झालं बगा तुमचं."

"मग धाडताय ना मंचरला?"

"मंचरच्या शेजारीच की. अवसरीला." भागू हसला. "ह्या प्रयागबाई, पोराच्या आई. आपल्यातलंच घर हाय. बघायचा कार्यक्रम हितंच उरकला. पोहं नाय, काय नाय!"

"काय बोलती हो पोरगी!" प्रयागबाई म्हणाल्या. "न्हाईतर बघायला जावं तर पोरी तोंड उघडत न्हाईत. आन रक्त बारा हाय म्हणं?"

"बारा!" भागूची छाती फुगली. "ताईंनीच गोळ्या दिल्यात."

मंगलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "ती शिकणार आहे, भागूभाऊ. तिचं वय तरी..."

"दिवाळीला अठरा भरत्यात. मंगच लावू. तुमीच शिकवलंय न्हवं? आमी काय कायद्याभाईर न्हाई."

घ्या! आता तक्रार तरी कशाची करायची?

"शिकंल की आमच्याकडं बी," प्रयागबाई म्हणाल्या, "गायांचं करून सवड घावली तर." आणि पिशवी चाचपत, "अगं बाई, नारळ आणायचाच ऱ्हायला. ताई, तुमचा द्या की. पोरीच्या हातावर ठिवते."

मंगलच्या हातात नुकताच सत्काराचा नारळ पडला होता. तो तसाच आपटावा, असं तिला वाटलं. पण इथे भांडली, तर उद्या वाडीतली एकही पोर कुणी किशोरी गटात धाडणार नाही, हे ती पुरतं जाणून होती. साहेबांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते लांबूनच कौतुकाने हसत होते आणि फोटोसाठी मोबाईल वर धरत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने नारळ दिला.

प्रयागबाईंनी इंद्रायणीला कुंकू लावलं. इंद्रायणी एकेकाच्या पाया पडत शेवटी मंगलपाशी आली. वाकली आणि वर न बघताच हळू म्हणाली, "ताई, मी बोलताना अडखळले असते, तर बरं झालं असतं का?"

मंगलने तिला दंडाला धरून उठवलं. वाकताना तिच्या खांद्यावरचा पदर सुटला होता. मंगलने पिन काढली आणि तो पुन्हा नीट बसवला.