पहिल्या हाकेला

बिसाहीनला हाक मारली की ती तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. शिवनाथ नदीकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहिली हाक मरणाची असू शकते, दुसरी त्याच्या सावलीची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेलच. आईनं हे तिला दुधाबरोबर पाजलं होतं.

तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ती जन्मली तेव्हा आईनं तिला कोंड्यानं भरलेल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, सुईणीला विकलं आणि पसाभर कण्या देऊन परत घेतलं. विकत घेतलेली, म्हणून बिसाहीन. मनातलं खरं नाव आईनं एकदाच तिच्या तान्ह्या कानात सांगितलं आणि मग ओठ शिवून टाकले. नाव घेतलं की यमाला दार सापडतं. केसांना धड तेल नाही, अंगाला धड लुगडं नाही. कुणी म्हणालं, "गोड आहे हो पोर," की आई झटकन म्हणायची, "कसली गोड, उकिरड्यावरची आहे." पोर ते ऐकत वाढली. ऐकता ऐकता तिला ते खरंही वाटू लागलं.

आज तिच्या लेकीची छठी होती, जन्मानंतरचा सहावा दिवस.

धान झोडून झालं होतं, अंगणाला ओल्या शेणाचा आणि पेंढ्याचा वास होता. बायका सकाळपासून जमल्या होत्या. बाळंतिणीचा काढा उकळत होता. म्हातारी सुईण, दुकलहीन काकी, सुपात कोंडा पसरत होती.

"पोरीचं नाव घुरवाहीन ठेवा," ती म्हणाली. "उकिरड्याची म्हटली की यम नाक दाबून पळतो. माझंच बघा. दुष्काळात जन्मले म्हणून दुष्काळाचं नाव पडलं. इतकं वाईट नाव, म्हणून तर अजून मरत नाही."

"तू मरत नाहीस ते खाण्यामुळे, काकी," शेजारची केतकी म्हणाली. "दुष्काळाच्या अंगावर एवढं मांस मी कुठं पाहिलं नाही."

बायका हसल्या. बिसाहीन हसली नाही. तिच्या मांडीवर लेक झोपली होती, मूठ ओठांशी धरून. तिला वाटत होतं, या क्षणी कुणी हिला माझ्याकडून मागू नये.

"आण इकडं," काकी म्हणाली. "गुरं घरी यायच्या आत उरकू दे. गोधुळीत यम रस्त्यावर असतो."

आईनं लेक उचलून सुपात ठेवली, बिसाहीनला घरात ओढलं आणि दाराआड उभं केलं. रीतच तशी होती. पोर उकिरड्यावर ठेवायचं. सुईण तीनदा विचारणार, कुणी घेतं का. तिसऱ्या विचारण्यानंतर पोराच्या आईनं बाहेर यायचं, एखाद्या परक्या बाईसारखं, आणि कण्या देऊन पोर घ्यायचं. तोवर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, पोराच्या रडण्याला ओ द्यायची नाही.

बाहेर बायकांनी सूर धरला.

*सुपातला गं कोंडा, वाऱ्यासंगं उडे,*
*कुणी टाकिलं गं लेकरू, कुणाचं ते रडे.*
*नाही कुणाची गं माय, नाही कुणाचा गं बाप,*
*यमदेवा जा रे पुढं, इथं फाटकंच सूप.*

आईनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आईच्या दुसऱ्या हातात कण्यांची वाटी होती.

"मी पण अशीच उभी होते," आई कुजबुजली. "याच दाराआड. पदर तोंडात कोंबून."

"मी रडले होते?"

"रडलीस. मग गप्प झालीस. वाटलं, गेलीस."

"माझं नाव काय होतं, आई?"

आईची नखं मनगटात रुतली. "आजच्या दिवशी विचारतेस? पोरगी बाहेर आहे तुझी."

उकिरड्यावरून रडणं आलं. आधी बारीक, मग घसा फोडून. बिसाहीनच्या छातीत दूध दाटलं, चोळी ओली झाली. पाय जागचे हलेनात. हे तिला ओळखीचं होतं. हे असंच गेल्या भादव्यातही झालं होतं.

तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मनहरण, तिचा पहिला लेक, अंगणात खेळत होता. मागच्या डबक्याकडून केतकीची हाक आली, "बिसाहीन." तिनं ऐकली. हात सुपातच राहिला. दुसरी हाक आली, फाटलेल्या आवाजात. तिनं श्वास धरला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. तिसऱ्या हाकेला ती धावली. केतकीला पोहता येत नव्हतं, ती काठावर वाकून काठी पुढं करत होती, आणि डबक्याचं पाणी परत सपाट होत होतं.

आई तेव्हा म्हणाली, "नावानं नेला. मनहरण ठेवलंस, चारचौघांत घेतलंस." गावानंही तेच म्हटलं. बिसाहीननं मान डोलावली. डबक्यापेक्षा ते सोपं होतं.

"उकिरड्यावरचं पोर," दुकलहीन काकीनं बाहेरून हाळी दिली, "कुणी घेतं का?"

पहिली.

रडणं एकाएकी थांबलं. बायकांचा सूरही ओसरला. कुठं सूप खरवडल्याचा आवाज आला, कदाचित कोंबडी असेल. ती शांतता बिसाहीनच्या अंगावर पाण्यासारखी चढत गेली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत.

"आई, हात सोड."

"अजून दोन आहेत."

"मनहरणच्या वेळीही दोन होत्या," बिसाहीन म्हणाली. "नावानं नाही नेला त्याला. मी पहिली हाक ऐकली होती. इथं बसून राहिले होते."

आईची पकड सैल पडली नव्हती, पण तिच्यातला जीव गेला होता. बिसाहीननं मनगट सोडवलं. उंबऱ्यावर तिनं चौकट धरली. आणि मग ती बाहेर होती.

लेक जिवंत होती. कोंडा नाकातोंडाशी आला होता, तो जिभेनं चाखून पाहत होती. बिसाहीननं तिला उचललं, तोंड पुसलं, छातीशी लावलं.

"अगं, एकदाच विचारलंय मी," काकी म्हणाली. "आणि कण्या कुठायत?"

"कण्या नाहीत. मी पोर विकलेली नाही."

"हे मोठ्यानं बोल, सगळ्यांच्या कानावर जाऊ दे. उद्या शिंकली तरी माझ्या दारात यायचं नाही."

"येईन," बिसाहीन म्हणाली. "शिंकली तर तुझ्याकडंच येईन, काकी. दुसरं कोण आहे?"

काकीनं तोंड वाकडं केलं. केतकीनं हळूच विचारलं, "मग नाव?"

नाव केव्हाचं बिसाहीनच्या जिभेखाली होतं, लेक पोटात असल्यापासून. तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग डबक्याकडं. "सुकवारा," ती म्हणाली. "नाजूक आहे ना, म्हणून."

सगळ्या बायकांनी नकळत मागं वळून पाहिलं. रस्त्यावर गुरांची धूळ येत होती, तिच्यातून गुरंच निघाली. मग केतकीनं मुद्दाम, जरा घाबरतच, "सुकवारा" म्हणून पाहिलं. एकेक करत बायका काढा प्यायला सरकल्या.

बिसाहीन पेंढ्याच्या ढिगाला टेकून पाजत बसली. दर घोटाला ती लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती. भीती कुठं गेली नव्हती. ती तिच्या शेजारीच बसली होती, फक्त आता तिच्या मांडीवर नव्हती.

आई अजून दारातच होती. कण्यांची वाटी तिनं कोंबड्यांपुढं उपडी केली. चौकट धरून उभी राहिली, ओठ हलवले, पण आवाज निघाला नाही. इतक्या वर्षांत त्या शब्दाची सवयच राहिली नव्हती.

"अंजोरी," ती शेवटी म्हणाली. चांदण्याचं नाव.

बिसाहीननं मान वर केली.

"ओ," तिनं उत्तर दिलं.

दुसऱ्या हाकेसाठी उघडलेलं आईचं तोंड तसंच राहिलं.