अर्धा इंच

चाकांची खुर्ची दिवाणखान्यात होती, खुर्चीत आई होती, आणि आत स्वयंपाकघरात तिच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची कुजबुज चालली होती. अशी कुजबुज तुमच्या-आमच्या घरातही होते. प्रेमापोटीच होते.

मुलगा सुतार. खाली त्याचं वर्कशॉप, वर घर. पंचवीस वर्षं लोकांची दारं बसवत आलेला माणूस. ज्या वहीत तो गिऱ्हाइकांच्या दारांची मापं लिहायचा, तिच्याच मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं:

हॉल – पहिला मजला. ठरला.
पायऱ्या – अकरा. चौघं मिळून खुर्ची उचलू.
माणसं – साठ.
केक – वर टेलिफोन हवा.
आईला – सांगायचं नाही.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

"सरप्राइज म्हणजे सरप्राइज हं दादा," फोनच्या स्पीकरवरून धाकटी बहीण म्हणाली. "तिचा चेहरा बघून मला रडूच येणार."

"मग आत्ताच रडून घे," बाहेरून आईचा आवाज आला. "वाढदिवसाला रडलीस तर फोटो बिघडतील."

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. दोन भिंतींपलीकडची कुजबुज तिला स्पष्ट ऐकू यायची. सगळे खो खो हसले. सरप्राइज संपलं, बेत मात्र तसाच राहिला. आता तरी तिला काही विचारावं, असं कोणाच्या मनात आलं नाही.

तिनेच एक विचारलं. "त्या हॉलमधल्या बाथरूमचं दार केवढं आहे रे?"

"आई, तू वाढदिवसाला जातेयस की मुक्कामाला?"

पुन्हा हशा. आईही हसली.

हे परवाचं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी आईच्या हातातून चहाचा कप निसटला. डोळे मिटले, मान कलली. सून धावत जाऊन समोरच्या दारातून सिस्टरना घेऊन आली. निवृत्त नर्स, वय सहासष्ट, आवाज अजून वॉर्डातला. त्यांनी आईच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"ताई, पाणी कधी प्यायलात?"

"पिते की."

"कधी, ते विचारलं मी."

आई खिडकीकडे बघत राहिली. "काल दुपारी. दोन घोट."

"अहो आई, बाटली भरून ठेवते ना मी रोज!" सून म्हणाली.

"ठेवतेस गं. तुझं काही चुकत नाही."

सिस्टरनी मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं, डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. आईच्या डोळ्यांत ओळख परतली, तेव्हा त्यांनी सुतारापुढे हात केला. "वही दे तुझी. पेन्सिल पण." आणि आईला एकेक विचारत त्याच यादीखाली लिहून काढलं:

सकाळी साडेसात – सून काखेत धरून आत नेते. मग अर्धा कप चहा.
आठ ते चार – सून शाळेच्या ऑफिसात. पाणी नाही.
चार – सून येते. आत नेते. मग एक पेला.
बाहेर जायचं असेल तर – आदल्या दुपारपासून बंद.

"दुपारी मी येतो ना वर!" सुताराचा आवाज चढला. "रोज विचारतो, आई, काही हवंय का? ही म्हणते, काही नको."

"मुलाला काय सांगू?" आई हळूच म्हणाली. "मला उचलून बस म्हणून?"

सुताराने विषय दुसरीकडे नेला.

"पण भाचीच्या लग्नानंतर ताप आला होता, तो तर जेवणामुळे..."

"जेवणामुळे?" सिस्टरनी चष्मा काढला. "दीड दिवस पाण्याचा थेंब नव्हता पोटात. लघवीचा जंतुसंसर्ग होता तो. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं होतं. वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. वर्षभर त्याने त्या लग्नातल्या आचाऱ्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या.

"मी तिच्यासाठीच करतोय ना सगळं, सिस्टर."

"करतोयस. बहिणीला विचारलंस, बायकोला विचारलंस, केकवाल्याला विचारलंस. जिचा वाढदिवस, तिला सोडून. पायऱ्या मोजल्यास, अकरा. का मोजल्यास? त्या तुला चढायच्या होत्या. दार नाही मोजलंस, कारण त्यातून तिला जायचं होतं."

सुताराने खाली मान घातली. मग हात सवयीने खिशात गेला आणि टेप बाहेर आली.

खुर्ची – पंचवीस इंच.

घरातल्या बाथरूमची चौकट – सव्वीस.

त्याला हायसं वाटलं. बसते की! पण त्याने दार पूर्ण उघडून पाहिलं आणि पुन्हा टेप लावली. उघडल्यावरही दाराची फळी चौकटीच्या आतच उभी राहत होती. दीड इंच जाडीची फळी.

साडेचोवीस.

अर्धा इंच! हे दार पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच बसवलं होतं. अर्ध्या इंचासाठी आई खुर्चीत आल्यापासून दोन वर्षं तहानलेली बसून होती, आणि खालच्या मजल्यावर तो लोकांची दारं रंधत होता.

वाचकहो, इथे जरा थांबू या. घरात टेप असेल तर ती घ्या, नसेल तर वीत लावा. आपल्या बाथरूमचं दार मोजा. आज घरात कोणाला गरज नसेल, तरीही मोजा. उंबराही बघा. गोष्ट कुठे जात नाही.

सुतार आईच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला.

"दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू हसलास. मग मीही हसले."

त्याने टेप खिशात ठेवली. मग विचारलं, "आज तुला काय हवंय, आई?"

"आता विचारतोयस? साठ माणसं बोलावून?"

"हो. आता."

आईने पदरी पडलेल्या संधीचा पुरता विचार केला. "मला दार लावायचंय."

"कुठलं?"

"बाथरूमचं. आतून. दोन वर्षं झाली, समोर कोणीतरी उभं असतं. माणूस चांगलंच असतं, पण उभं असतं."

सून भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागली.

दहा वाजता बहिणीने हॉल रद्द केला आणि साठ जणांना फोन लावले: घरीच या, पाच-पाच जण या, बसायला जागा नसेल, आवाज फार असेल. अकरा वाजता सुताराने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. गिऱ्हाइकासाठी एक सरकतं दार तयार करून ठेवलं होतं, ते वर आणलं. गिऱ्हाईक आठवडाभर थांबायला कबूल झालं. भिंतीवर बाहेरून रूळ बसला. चौकट पुरती मोकळी झाली, सव्वीसच्या सव्वीस. उंबऱ्याला दोन्हीकडून उताराच्या पट्ट्या लागल्या. आत भिंतीला आधाराची दांडी. ती किती उंचीवर हवी, हे त्याने अंदाजाने ठरवलं नाही. आईला खुर्चीसकट आत नेलं, तिचा हात भिंतीवर जिथे पोचला, तिथे पेन्सिलीने खूण केली.

पाहुणे येत होते, पाय उचलून भुशातून वाट काढत होते.

"दादा, केकवर भुसा उडतोय!"

"उडू दे," आई म्हणाली. "एवढी सजावट माझ्यासाठी कोणी केली नव्हती."

दुपारभर सिस्टरनी तिच्याकडून सराव करून घेतला: चाकं अडकवा, दांडी धरा, सरका. पाय रुसले होते, हात अजून दणकट होते. तीस वर्षं तारा जोडलेले हात.

पाच वाजता केक मध्ये ठेवला. आई म्हणाली, "आधी पाणी."

सुनेने पेला दिला. आईने तो सगळ्यांसमोर सावकाश रिकामा केला आणि परत पुढे धरला. दुसराही प्यायली.  मग थोड्या वेळाने तिने चाकं वळवली आणि एकटी आत गेली. दार सरकलं. आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

सून सवयीने उठली. सिस्टरनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

पाच मिनिटं. दहा. मेणबत्त्या तशाच. सुताराने वही उघडली, "आईला – सांगायचं नाही" ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "आईला – आधी विचारायचं." हे त्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिहिलं. आपण तरी एवढं थांबू नये. ज्यांच्यासाठी आपण उत्सव मांडतो, त्यांना त्या उत्सवात पाणी पिता येतं का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ आहे. प्रेम आपल्याकडे कमी नाही. ते त्यांच्या मापाचं आहे का, हे विचारायचं राहून जातं.

आत नळ वाहत होता. आई काहीतरी गुणगुणत होती.

सुतार दाराशी गेला. "आई, ठीक आहेस ना?"

नळ बंद झाला.

"बाजूला हो रे," आतून आवाज आला. "मी मुक्कामाला आलेय."

सगळे हसले. सुताराने मात्र दारावर हात टेकला, आणि तो बाजूला झाला.